पोटगीतले औषध



आम्ही वकील नव्हे आणि प्राध्यापकही नव्हे. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढले जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकड्यावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या लांब टेबलाशी. तेव्हा कायद्याच्या इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारल्यास आमच्यापाशी एवढेच उत्तर आहे की, कायदा ज्याच्या अंगावर येऊन पडतो त्यालाही तो वाचावा लागतो.

विषय असा. मूल आजारी पडले तर त्याच्या औषधपाण्याची तजवीज आईबापांनी करावी, हे सांगायला कायदा कशाला हवा, असे कोणासही वाटेल. पण हे सांगणारे कायदे चारशे वर्षांहून जुने आहेत, आणि अमेरिकेत तर १९८४ पासून या एकाच गोष्टीपायी कायद्यावर कायदा आणि नियमावर नियम रचला गेला. त्या रचनेची हकीकत आज सांगायची आहे. मात्र आम्ही या वाटेला लागलो ते पुस्तक वाचून नव्हे.

वीसएक वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या दिवसांत, एक बाई आमच्या संघटनेच्या कचेरीत आली. हाताशी पाच-सहा वर्षांचा मुलगा. त्याला फेफरे येत असे. नवरा आमचाच सभासद, लेथवरचा चांगला कारागीर, मोर्चात पुढे असणारा. त्याने घर सोडून दुसरीकडे बिऱ्हाड केले होते. बाईने कोर्टातून पोटगीचा हुकूम मिळवला होता, आणि पोटगी अधूनमधून येतही होती. पण फेफऱ्यावरचे औषध रोजचे. त्यात खंड पडून चालत नाही. ते ईएसआयच्या दवाखान्यात मिळत होते. कार्डावर मुलाचे नाव होते, फोटो होता. फक्त कार्ड नवऱ्याच्या खिशात होते. बाई म्हणाली, "दादा, कोर्टानं पोटगी लावलीय. त्यात पोराचं औषध येतं का नाही, तेवढं सांगा."

आम्हांला सांगता आले नाही. कार्यकारिणीपुढे विषय ठेवला, तर एका जुन्या सहकाऱ्याने साफ सांगितले, "ही घरची भांडणं आहेत. संघटना पगार वाचवायला असते, सभासदाच्या खिशात हात घालायला नाही." खरे सांगायचे तर आमचेही मन तेव्हा त्याच बाजूला कलले होते. पतपेढीचा हप्ता, कोर्टाची जप्ती, मालकाचा दंड, पगाराच्या पाकिटाकडे येणारा प्रत्येक हात झिडकारायचा, यातच आमची उमर गेलेली. त्या पाकिटात एका लेकराचाही वाटा असतो, आणि तो मागायला येणारी बाई आपली शत्रू नव्हे, हे ध्यानात यायला दोन महिने लागले. ते दोन महिने आमच्याच खाती मांडलेले आहेत. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर हुडकताना जे वाचले, ते आता सांगतो.

आरंभ इंग्लंडपासून करावा लागतो. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, १६०१ साली, गरिबांच्या पोषणाचा कायदा झाला. प्रत्येक परगण्यातील चर्चच्या गावकीने घरवाल्यांवर पट्टी बसवायची आणि त्यातून निराधारांना पोसायचे, अशी त्याची योजना. त्याच कायद्यात एक कलम असे घातले की, आईबाप, आजाआजी आणि मुले यांनी ऐपत असेल तर एकमेकांना पोसलेच पाहिजे. न पोसल्यास महिन्याला वीस शिलिंग दंड. हे कलम वात्सल्यापोटी आले असे समजू नये. पट्टी भरणाऱ्यांचा भार हलका व्हावा, हा त्यातला हेतू उघड होता. जो खर्च बापाच्या गळ्यात घालता येईल तो गावकीच्या गळ्यात का पडावा? हा हिशेब श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो वेष बदलून पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

त्या कायद्यात औषधाचे नाव नव्हते. ते आले १८६८ साली, आणि आले ते एका मृत्यूच्या निमित्ताने. लंडनमध्ये वॅगस्टाफ नावाच्या दांपत्याचे चौदा महिन्यांचे मूल न्युमोनियाने दगावले. हे लोक 'पिक्यूलियर पीपल' नावाच्या ख्रिस्ती पंथाचे. आजारात डॉक्टर बोलावू नये, प्रार्थना करावी आणि तेल लावावे, ही त्यांची श्रद्धा. खटला उभा राहिला. आईबापांनी मनोभावे जे योग्य वाटले ते केले, म्हणून पंचांनी त्यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षी पार्लमेंटने गरिबांच्या कायद्याला दुरुस्ती जोडली: चौदा वर्षांखालील मुलाला पुरेसे अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय मदत देण्यात आईबापांनी जाणूनबुजून हयगय केली, आणि त्यामुळे मुलाच्या प्रकृतीस गंभीर इजा झाली किंवा होण्याचा संभव असला, तर तो गुन्हा. पुढे १८७५ साली त्याच पंथातील डाऊन्स नावाच्या बापाची शिक्षा या कलमाच्या बळावर कायम झाली. अन्नवस्त्राच्या पंगतीला औषध येऊन बसले ते असे.

पण ज्याच्यापाशी डॉक्टरची फी नाही त्या बापाने काय करावे? १९०८ च्या मुलांच्या कायद्यात याचे उत्तर सापडते. ज्याला स्वतःला वैद्यकीय मदत देणे शक्य नाही त्याने गरिबांच्या कायद्याखाली ती मिळवण्याची खटपट केली पाहिजे. तीही न केली तर तो दोषी. म्हणजे औषध दे, नाही तर दार ठोठाव. वाक्य न्यायाचे दिसते. आता त्या दारामागे काय होते ते पाहा. १८८५ पर्यंत गरिबांच्या कायद्याखाली नुसती वैद्यकीय मदत घेतली तरी माणसाचा मताधिकार जात असे, आणि मुलाला दिलेली मदत बापालाच दिली असे धरले जाई. पोराचा ताप उतरवायचा तर बापाने नागरिकत्वाची पगडी दाराबाहेर ठेवायची. कित्येक कामगार त्या दारात जात नसत, त्याचे कारण हयगय हे खास नव्हते.

यानंतरचे इंग्लंड झपाट्याने सांगतो. १९०७ च्या कायद्याने शाळांतून मुलांची तपासणी करणे भाग पडले. तपासणी झाली तेव्हा कोणाचे दात किडलेले, कोणाचे कान वाहणारे, कोणाचे डोळे अधू. मग उपचार आले, आणि १९०९ साली कायदा झाला की, उपचाराचा खर्च ऐपतीप्रमाणे आईबापांकडून वसूल करावा. १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विमा आणला: कामगाराचे आठवड्याला चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. त्यातून कामगाराला डॉक्टर मिळाला. त्याच्या बायकोला बाळंतपणापुरते तीस शिलिंग मिळाले. मुलांना काही नाही! कमावता हात तेवढा दुरुस्त ठेवायचा, ही त्या कायद्याची दृष्टी.

आता १९४६ सालाकडे येऊ. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा पिळा या एका सालात आहे, आणि तो दोन खाणकामगारांच्या हातांनी पडला. एक अन्यूरिन बेव्हन. वेल्समधील ट्रेडेगार गावचा, तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला. त्याच्या गावात कामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी कापून वैद्यकीय मदत मंडळी चालवली होती, आणि तिचे डॉक्टर नुसत्या कामगाराला नव्हे, त्याच्या बायकामुलांनाही तपासत. दुसरा जॉन लुईस. जन्म अमेरिकेतील आयोवा प्रांतातला. पण आईबाप वेल्सहून आलेले आणि तोही खाणीतलाच. भरघोस भिवयांचा, बायबलच्या भाषेत मालकांना शिव्या घालणारा हा माणूस अमेरिकेतील संयुक्त खाणकामगार संघाचा चाळीस वर्षे अध्यक्ष होता.

बेव्हन आरोग्यमंत्री झाला आणि त्याने १९४६ साली राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा संमत करून घेतला. ५ जुलै १९४८ पासून इंग्लंडातील प्रत्येक मुलाला डॉक्टर मिळाला; त्याचा बाप कोठे काम करतो, करतो की नाही, आईबरोबर राहतो की नाही, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. आईबापांचे कर्तव्य रद्द झाले असे मात्र नव्हे. हयगयीचा गुन्हा कायद्यात राहिला. पण त्याचा अर्थ मुलाला वेळेवर डॉक्टरकडे नेणे एवढाच झाला.

लुईसने त्याच १९४६ साली संप पुकारला. अमेरिकन सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, आणि अखेर करार झाला की, खणलेल्या दर टनामागे पाच सेंट कामगारांच्या कल्याणनिधीत पडतील. संघटनेच्या इतिहासात असे सोनेरी पान विरळा. त्या निधीतून पुढे केंटकी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ मुलखात खाणकामगारांची दहा रुग्णालये उभी राहिली. हे वाचताना आमची छाती फुगली, हे कबूल करतो. आपण कराराच्या टेबलावर बसून दहा-वीस रुपयांच्या वाढीसाठी घसा कोरडा करतो, आणि या माणसाने टनामागे पाच सेंटांतून रुग्णालये बांधली!

पण पुढचे पान उलटले पाहिजे. कोळशाचा खप घटला, यंत्रे आली, निधीची आवक आटली. १९६० साली वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्या खाणकामगारांची वैद्यकीय कार्डे काढून घेण्यात आली, आणि दोन-चार वर्षांत ती दहाही रुग्णालये निधीच्या हातून गेली. कार्ड बापाचे गेले तसे लेकरांचेही गेले. त्या लेकरांनी कोठली खाण बंद केली होती?

हा भेद केवळ दोन माणसांच्या स्वभावाचा नव्हता. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये काँग्रेसपुढे सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मांडली होती. डॉक्टरांच्या संघाने आणि इतर हितसंबंधीयांनी ती हाणून पाडली. दुसरीकडे महायुद्धात मजुरी गोठवली होती. पण विम्याच्या सवलती त्या बंधनाबाहेर ठेवल्या होत्या. कामगार टिकवायचा तर मालकाने पगाराऐवजी विमा द्यावा, अशी रीत पडली. पुढे १९५४ च्या करकायद्याने त्या विम्यावर कर नाही असे पक्के केले. संघटनांनीही तो करारात मागून घेतला. अशा रीतीने अमेरिकेतील लेकराचे औषध बापाच्या नोकरीला बांधले गेले. पोलाद, मोटारी, रबर, जेथे संघटना बळकट तेथे गाठ भक्कम. ज्या बाईचा नवरा शेतमजूर किंवा हॉटेलातला पोऱ्या, तिच्या मुलाला गाठही नाही आणि दोरीही नाही. १९६५ साली गरिबांसाठी मेडिकेड ही सरकारी योजना निघाली, तिने सर्वांत तळच्या मुलांना हात दिला.

मग घटस्फोट वाढले. नवरा एका घरी, विमाही त्याच्याच घरी, आणि मूल दुसऱ्या घरी. मुलाला सरकारी मेडिकेडचा आधार घ्यावा लागला की खजिना विचारू लागला: याचा बाप मोटारीच्या कारखान्यात आहे, त्याच्या विम्यात हे मूल का नाही? म्हणजे १६०१ सालचा पट्टी भरणारा पुन्हा बोलू लागला. जानेवारी १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने पोटगीवसुलीची सरकारी यंत्रणा प्रत्येक राज्यात उभी राहिली. तिने पैशाची पोटगी वसूल केली. औषधाला हात घातला तो १९८४ च्या दुरुस्तीने. घराबाहेर राहणाऱ्या पालकाला वाजवी खर्चात आरोग्यविमा मिळण्यासारखा असेल, तर तो पोटगीच्या हुकुमात घालण्याची मागणी यंत्रणेने कोर्टापुढे करावी, असे ठरले. आणि वाजवी खर्च म्हणजे काय? नियमाने सांगितले, नोकरीतून किंवा गटातून मिळणारा विमा हा वाजवीच. मग कामगाराला त्यासाठी कितीही पडो. हे वाक्य लिहिणाऱ्याने पगाराचे पाकीट आठवड्याच्या शेवटी कधी उघडून पाहिले नसावे.

तरीही हुकूम निघू लागले, आणि ते भिंतीवर आपटून परत येऊ लागले. ती भिंत कामगारांच्याच रक्षणासाठी बांधलेली होती, हा या कथेतील सर्वांत कडू भाग. १९६३ च्या डिसेंबरात स्टुडबेकर या मोटार कंपनीने साऊथ बेंड येथील कारखाना बंद केला, आणि चाळिशी-पन्नाशीतल्या चार हजारांवर कामगारांच्या हाती त्यांच्या हक्काच्या पेन्शनपैकी जेमतेम १५ टक्के रक्कम पडली. या संतापातून, पुष्कळ वर्षांच्या खटपटीनंतर, १९७४ साली कामगारांच्या पेन्शन व कल्याण योजनांच्या रक्षणाचा मध्यवर्ती कायदा झाला. देशभर एकच नियम असावा म्हणून त्यात कलम घातले की, मालकांच्या योजनांना राज्यांचे कायदे लागू होणार नाहीत. ज्या मालकांनी विमा कंपनीकडे न जाता स्वतःच्याच पैशातून आजारपणाची योजना चालवली होती, त्यांना राज्याचा विमा कायदाही पोचेना.

परिणाम काय झाला? राज्याच्या न्यायाधीशाने हुकूम दिला की, या मुलाला बापाच्या विम्यात घ्या. योजनेच्या चालकाने उत्तर दिले, आम्हांला तुमचा कायदा लागू नाही. मूल कामगाराबरोबर राहत नाही, म्हणून घेता येत नाही. करपत्रकात बापाने त्याला अवलंबून दाखवलेले नाही, म्हणून घेता येत नाही. मूल विवाहबाह्य, म्हणून घेता येत नाही. नावे नोंदवण्याचा मोसम सरला, पुढल्या वर्षी या. आणि जेथे मूल योजनेत होते तेथेही गंमत पाहा: आई डॉक्टरला पैसे भरी, पावती पाठवी, आणि विम्याची भरपाई जाई विमेदार बापाच्या नावाने! तो देई किंवा न देई.

ही भिंत फोडायला एकोणीस वर्षे लागली. ऑगस्ट १९९३ च्या कायद्याने पात्र हुकूम नावाची चीज निर्माण केली: ठरावीक तपशील असलेला कोर्टाचा हुकूम आला की मालकाच्या योजनेने मुलाला घेतलेच पाहिजे. मूल विवाहबाह्य आहे, करपत्रकात नाही, बापाजवळ राहत नाही किंवा योजनेच्या टापूबाहेर राहते, यांपैकी कोणतेही कारण विमा कंपनीला सांगता येणार नाही, अशी व्यवस्था राज्यांना करावी लागली. भरपाई थेट मुलाच्या आईला किंवा डॉक्टरला देण्याची सोय झाली. विवाहबाह्य मुलालाही बापाकडून पोटगीचा हक्क आहे, असे अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयाने गोमेझ खटल्यात १९७३ सालीच टेक्सास राज्याला बजावले होते. विम्याच्या कचेरीत ते वाक्य पोचायला वीस वर्षे लागली.

तरी अडचण उरलीच. पन्नास राज्यांतून पन्नास नमुन्यांचे हुकूम येत आणि चालक त्यांत खोड काढून परत करत. मग १९९८ च्या कायद्याने साऱ्या देशाला एकच छापील सूचनापत्र ठरवून दिले. हा कागद आम्ही मोठ्या आवडीने वाचला, कारण सूचनापत्रे लिहिण्यात आणि चुकवण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले आहे. पोटगीची यंत्रणा ते मालकाला पाठवते. मालकाने वीस कामकाजाच्या दिवसांत ते विमायोजनेकडे द्यायचे. योजनेने चाळीस कामकाजाच्या दिवसांत कळवायचे की मूल घेतले. हप्ता कामगाराच्या पगारातून कापायचा. कामगाराची संमती विचारायची नाही.

त्या कागदात मालकाच्या उत्तरासाठी काही चौकटी छापल्या आहेत. आमच्या कथेचे मर्म त्या चौकटींत आहे. मालक खूण करू शकतो की, आम्ही कामगारांना कुटुंबाचा विमा देतच नाही. किंवा हा कामगार विम्याला पात्र असलेल्या वर्गात मोडत नाही. किंवा हा आता आमच्या नोकरीत नाही. किंवा पगारातून कापण्याची कायदेशीर मर्यादा संपली आहे. ही मर्यादा अशी: पोटगीसाठी, दुसरे कुटुंब पोसणाऱ्याच्या हाती येणाऱ्या पगारातून ५० टक्के, नसल्यास ६०, आणि बारा आठवड्यांहून जुनी थकबाकी असेल तर आणखी पाच. म्हणजे अडीचशे पानांचे कायदे, न्यायाधीशाची सही, सरकारी शिक्का, हे सारे जाऊन मालकाच्या टेबलावर एका चौकटीपाशी थांबते. मालकाने विमा दिलेलाच नसेल तर बापाला हुकूम कशाचा करायचा? आणि चौकटीत फुली मारणाऱ्या त्या मालकाला तेव्हा कोठलाही मध्यवर्ती कायदा विचारत नव्हता की, बाबा, तू का देत नाहीस?

येथे एक गैरसमज नको. पळपुट्या बापाची वकिली करायला आम्ही उभे नाही. ऐपत असून लेकराचे औषध अडवणारा माणूस आम्ही आमच्या सभासदांत पाहिला आहे, आणि १९९३ चा कायदा अशांसाठी अगदी योग्य होता. पण यंत्रणेच्या जाळ्यात जे मासे सापडत त्यांतले पुष्कळ नुसते दरिद्री होते. विस्कॉन्सिन राज्यात तर अविवाहित बापाकडून मेडिकेडने केलेला बाळंतपणाचा खर्च वर्षानुवर्षे वसूल केला गेला. मूल जन्मले ते बापाच्या डोक्यावर कर्ज ठेवून.

अमेरिकन कायदेकारांनाही हे हळूहळू उमगत गेले. त्याच १९९८ च्या कायद्याने नेमलेल्या अभ्यासमंडळाने २००० साली अहवाल दिला, आणि त्याच्या नावातच ही आपली सामाईक जबाबदारी आहे, असे शब्द घातले. फेब्रुवारी २००६ मध्ये सही झालेल्या कायद्याने बापापुरती पाहणारी दृष्टी सोडून दोघांपैकी कोणत्याही पालकाकडून विमा घेण्याची वाट उघडली. आईची नोकरी बरी असेल तर तिचा विमा. २००८ च्या नियमाने वाजवी खर्चाला माप लावले: पालकाच्या एकूण मिळकतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. आधीच्या कितीही पडो पेक्षा हे माणुसकीचे. त्याखेरीज मूल जेथे राहते तेथून डॉक्टर गाठता आला पाहिजे, ही अटही विचारात आली. बापाच्या गावच्या डॉक्टरांची यादी दुसऱ्या राज्यातल्या तापलेल्या पोराच्या काय कामाची?

२०१० साली ओबामा यांच्या कारकिर्दीत आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. आईबापांच्या विम्यात मुलाला सव्विसाव्या वर्षापर्यंत राहता येऊ लागले. शिवाय मुलाचा विमा नसेल तर करपत्रकात त्याला अवलंबून दाखवणाऱ्या पालकावर दंड बसू लागला. २०१९ पासून तो दंड शून्य करण्यात आला. पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट डिसेंबर २०१६ च्या एका नियमात, कोणी टाळी न वाजवता घडली. पोटगीच्या हुकुमातील आरोग्याची तजवीज म्हणजे खासगी विमा किंवा सरकारी योजना, दोन्ही चालतील, असे त्यात मान्य झाले. १९८४ पासून जी यंत्रणा मुलाला मेडिकेडमधून काढून बापाच्या विम्यात ढकलण्यासाठी राबली, तिनेच बत्तीस वर्षांनी म्हटले की, मूल मेडिकेडमध्ये असले तरी कर्तव्य पार पडले. वेल्सच्या खाणीतून निघालेल्या बेव्हनला हे कळायला बत्तीस वर्षे लागली नव्हती. पण अमेरिकेची वाट अमेरिकेलाच चालायची होती.

आता आमच्या कचेरीतल्या बाईकडे परत येतो, कारण तिचा प्रश्न या सगळ्याच्या आधीचा आहे.

तिच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर होते, आणि ते आम्हांला ठाऊक नव्हते, ही लाजेची गोष्ट. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८८ वे कलम होते, त्याचे १९७३ च्या संहितेत १२५ वे झाले: निर्वाहाची ऐपत असून बायकामुलांना न पोसणाऱ्यास मॅजिस्ट्रेटने दरमहा रक्कम ठरवून द्यावी. कलम चांगले, पण १९५५ पासून २००१ पर्यंत केंद्राच्या कायद्यात त्या रकमेला पाचशे रुपयांचे कुंपण होते. शेहेचाळीस वर्षांत तांदूळ कोठून कोठे गेला ते गृहिणींना विचारा. औषधाचे नाव मात्र दुसऱ्या कायद्यात सापडले. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. त्याच्या तिसऱ्या कलमात निर्वाह या शब्दाची व्याख्या आहे: अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण आणि वैद्यकीय देखभाल व उपचार. विसाव्या कलमाने हा निर्वाह आई आणि बाप दोघांवर घातला, आणि मूल औरस असो की अनौरस, भेद ठेवला नाही. म्हणजे पोटगीत औषध येते. कायद्याने १९५६ सालीच आणले.

पण पुढचा कागद वाचला आणि आम्ही चाट पडलो. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, ज्याखाली फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली, तो आरंभी लॉइड जॉर्जच्या वळणाने विमेदार कामगारालाच डॉक्टर देत होता. कुटुंबे त्यात मागाहून आली. आणि आली तेव्हा त्या कायद्यातील कुटुंबाच्या व्याख्येत शब्द पडले: औरस किंवा दत्तक अज्ञान मूल. एक कायदा म्हणतो, अनौरस मुलाच्याही औषधाची जबाबदारी तुझी; दुसरा म्हणतो, तुझ्या विम्याच्या कार्डावर ते मूल येणार नाही. अमेरिकेने १९९३ साली जे कारण बंद केले, ते आपल्या व्याख्येत उघड लिहिलेले. हा मुद्दा आम्ही दोन अधिवेशनांत ठरावाच्या रूपाने मांडला. पहिल्या अधिवेशनात वेळ नव्हता. दुसऱ्यात एका प्रतिनिधीने विचारले, अशी मुले असतात किती?

बाईचा मुलगा औरसच होता, त्यामुळे तिच्यापुरता तो प्रश्न आला नाही. दोन महिन्यांनी आम्ही नवऱ्याला कचेरीत बोलावले. सहकाऱ्यांपैकी तिघे बसले. ज्यांनी घरची भांडणे म्हटले होते तेही बसले. पुष्कळ वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "कार्ड दिलं तर ती माझ्या नावावर अजून काय काय घेईल." आम्ही विचारले, औषधाखेरीज दवाखान्यात दुसरे मिळते काय? त्याने खिशातून कार्ड काढले आणि टेबलावर ठेवले. कार्ड घामाने मऊ पडले होते. फोटोतले पोर जेमतेम दोन वर्षांचे होते. बाई दर महिन्याला येऊन ते आमच्या कपाटातून नेई, औषध आणी, आणि परत ठेवी. त्याला स्वतःला लागले तर तोही तेथूनच नेई. पोर शाळेत जाऊ लागले.

सुमारे दीड वर्षाने त्या कारखान्याने दोन पाळ्या बंद केल्या आणि कपातीच्या यादीत त्याचे नाव आले. यादीविरुद्ध आम्ही लढलो, काहींना परत घेववले, त्याला नाही. विम्याचा उरलेला काळ सरला आणि एका महिन्यात बाई दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आली. तिने कार्ड टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "दादा, हे आता चालत नाही म्हणतात." नंतर ती मुलाला सरकारी रुग्णालयात नेऊ लागली, तेथे रांग लांब होती, पण कार्ड कोणाचे हे कोणी विचारत नसे. नवरा परगावी गेला. कार्ड पुष्कळ दिवस आमच्या कपाटातच होते.